वादीच्या हातून गेलेला कागद

मी बेलिफाची बॅग बोलतेय. दचकू नका, आज तुमच्या नावाचं माझ्यात काही नाही.

बेलिफ म्हणजे कोर्टाचे कागद घरोघर पोहोचवणारा माणूस. कुणी कुणावर दावा लावला, तर ज्याच्यावर लावला त्याला कळवायला नको का? त्या कळवण्याच्या कागदाला समन्स म्हणतात आणि तो ज्याच्या त्याच्या हातात नीट देण्याला बजावणी. हे काम मी एकोणतीस वर्षं एकाच माणसाच्या खांद्यावरून केलं. कोर्टात सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही काकाच म्हणते.

मला घडवलं ते खोगिरं शिवणाऱ्या एका कारागिराने. घोडे कमी झाले, मोटारी वाढल्या, तसा तो बॅगा शिवायला लागला. पण हाताला सवय खोगिराची. त्यामुळे मी जन्मतःच जाडजूड, दणकट आणि खरं सांगायचं तर जरा बेढब निघाले. दोन पितळी बकलं, पुढे रुंद झाकण, आत तीन कप्पे. पट्टा तर घोड्याच्या पोटाला आवळायचाच होता. शेजारच्या खुंटीवरच्या नाजूक पर्सा मला बघून नाकं मुरडायच्या. मी त्यांना उलटून बोलले नाही. आज त्यातली एकही शिल्लक नसेल, एवढंच सांगते.

काकांना नोकरी लागली त्या आठवड्यात काकू मला घेऊन गेल्या. काका म्हणाले, "अगं, ही बॅग आहे की ट्रंक?" काकू म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा जास्त टिकेल. घ्या." त्या एका वाक्यावर माझं आयुष्य ठरलं. काकूंचे उपकार मी विसरलेले नाही.

पहिल्या दिवशी म्हातारे नाझर काकांना घेऊन बसले. नाझर म्हणजे बेलिफांना कामं वाटून देणारा अधिकारी. मी टेबलावर होते, सगळं ऐकत होते.

"कागद कोण देऊ शकतो?" नाझरांनी विचारलं.

"बेलिफ," काका म्हणाले.

"बेलिफ, किंवा कोर्टाने नेमून दिलेला माणूस. दावा लावणारा वादी नाही. त्याचा भाऊ नाही, मेहुणा नाही, दोस्त नाही. वादी कितीही साधा, कितीही सज्जन दिसला, तरी नाही."

"पण साहेब, कागद तर तोच. कुणी दिला म्हणून काय फरक पडतो?"

नाझरांनी चष्मा काढून पुसला. "कागद देणारा नुसता कागद देत नाही रे बाबा. बरोबर चार शब्दही देतो. ते शब्द कुणाचे, ते बघावं लागतं."

काकांनी हे मनावर घेतलं. त्यांनी स्वतःसाठी चार वाक्यं ठरवून टाकली आणि प्रत्येक दारात तीच, त्याच आवाजात म्हणायचे. "हा कोर्टाचा कागद आहे. तुमच्यावर दावा लागलाय. या तारखेला हजर राहा. आला नाहीत, तर तुमच्या माघारी निकाल होऊ शकतो." दार बंगल्याचं असो की पत्र्याच्या खोलीचं, त्यात कमी नाही की जास्त नाही. नंतर सही घ्यायची आणि मला मांडीवर आडवी ठेवून माझ्याच झाकणावर अहवाल लिहायचा. किती वाजता गेलो, कोण भेटलं, काय म्हणालं. इतके अहवाल माझ्या पाठीवर लिहिले गेलेत, की उजेडात तिरपं धरलंत तर अजून अक्षरांचे वळ दिसतील.

माणसांच्या तऱ्हा मी काय वर्णू! आम्हाला बघून एका गृहस्थांनी आतून स्वतःच ओरडून सांगितलं होतं, "मी घरी नाही!" काकांनी शांतपणे विचारलं, "मग कधी याल?" आतून उत्तर आलं, "संध्याकाळी!" एक बाई पाण्याचा पेला घेऊन आल्या, कागद पाहिला आणि पेला तसाच परत घेऊन गेल्या. एकांच्या कुत्र्याने तर माझा कोपरा चावून ठेवलाय, ती खूण मी अजून मिरवते. पण काही दारांत उलटंही घडायचं. लोक कागद वाचायचे, सुस्कारा सोडायचे आणि म्हणायचे, "बरं झालं सांगितलंत. निदान कळलं तरी." तेव्हा काकांच्या चालीत जरा जोर यायचा आणि मीही त्यांच्या कमरेवर ऐटीत आपटत जायचे.

आता जे सांगायचं आहे त्याकडे येते. काकांच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. उजवा गुडघा पार कामातून गेला होता. त्या दिवशी सात कागद होते. सहा देऊन झाले आणि सातव्यासाठी आम्ही उतारावरच्या वस्तीत पोहोचलो. घर टेकाडाच्या माथ्यावर, आणि तिथे जायला दगडी पायऱ्या. एकशे बारा. दुपार नुसती भाजत होती.

पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि माझा पट्टा तुटला. पितळी कडीजवळची शिवण एकोणतीस वर्षांनी उसवली. मी धाडकन खाली पडले, कागद पायऱ्यांवर पसरले. लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात एक माणूस धावत आला आणि कागद गोळा करू लागला. चकचकीत बूट, मऊ आवाज.

"काका, कोर्टातून आलात ना? हा दावा माझाच आहे," तो सातवा कागद उचलत म्हणाला. "वर माझी बहीण राहते. मी तिच्याकडेच चाललोय. द्या इकडे, सही घेऊन आणतो."

"तसं चालत नाही हो."

"अहो, सख्खी बहीण आहे माझी! कागद काय, सही काय, पाच मिनिटांचं काम. तुमचा पाय बघा आधी. सावलीत बसा जरा."

काकांनी पायऱ्यांकडे पाहिलं. मग गुडघ्याकडे. काका मुळात भिडस्त. समोरचा गोड बोलायला लागला की त्यांना नाही म्हणणं जड जायचं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या माणसाने कागद माझ्यात कोंबले, मला काखोटीला मारलं आणि तो भराभर चढू लागला. मी आतून ओरडत होते. पण बॅगेचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

वर एक मोठी खोली होती. जमिनीभर निळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं जाड कापड अंथरलेलं आणि त्यावर गुडघे टेकून एक बाई खडूने रेघा मारत होती. ती दुकानांपुढची कापडी छपरं शिवायची. खिडकीशी लोखंडी पायाचं भलंमोठं मशीन. भावाला बघून तिचा चेहरा असा उजळला म्हणता!

"दादा! किती दिवसांनी रे! बस, पाणी आणते."

"घाईत आहे गं. घराच्या नोंदीचं काम काढलंय. इथे सही लागते तुझी."

"कसली नोंद?"

"आईच्या नावावरून बदलायची राहिलीय ना. तू कशाला त्यात डोकं घालतेस? मी आहे ना."

तिने खडूचा हात साडीला पुसला आणि सही केली. न वाचता. ज्या दादाने लहानपणी बोट धरून रस्ता ओलांडून दिला, त्याचा कागद कोण वाचतं?

"हे पाकीट राहू दे तुझ्याकडे. फोडू नकोस, मी येऊन बघतो. आणि कुणी तारीख-बिरीख म्हणालं तरी जायची गरज नाही."

त्या पाकिटात काय होतं, ते मला ठाऊक होतं. सकाळपासून मीच ते वागवत होते. सगळं घर माझ्या एकट्याचं आहे, बहीण तिथे माझ्या मेहेरबानीवर राहते, तिला बाहेर काढा, असा तो दावा होता. आईच्या शेवटच्या आजारपणात सहा वर्षं तिच्या उशाशी कोण होतं, ते त्यात कुठे लिहिलेलं नव्हतं. म्हणजे ते मशीन, ती खिडकी, तिचं पोट आणि तिचं छप्पर, सगळंच त्या पाकिटात होतं आणि पाकीट दोऱ्यांच्या खणात जाऊन पडलं.

खाली आल्यावर काकांनी विचारलं, "वाचून दाखवलंत ना?"

"हो हो, सगळं समजावलं."

सही खरी होती. काकांनी मला मांडीवर घेतलं आणि लिहिलं, 'प्रतिवादीस समक्ष भेटून, समन्स समजावून सांगून, सही घेतली.' त्या ओळीचं एकेक अक्षर मला टोचलं. माझ्या पाठीवर लिहिलेलं ते पहिलं खोटं वाक्य.

महिन्याने तारीख होती. काका कोर्टाच्या दालनात दाराशी उभे होते, मी गाठ मारलेल्या पट्ट्याने खांद्यावर. प्रतिवादीच्या नावाचा तीनदा पुकारा झाला. कुणी आलं नाही. न्यायाधीश मॅडमनी कागद चाळले.

"बजावणी झालेली दिसते. अहवाल कुणाचा आहे? हं, काकांचा. मग प्रश्नच नाही, यांचे अहवाल मी डोळे झाकून मान्य करते. दावा एकतर्फी चालेल. पुढच्या तारखेला वादीने पुरावा द्यावा."

एकतर्फी म्हणजे दुसऱ्या बाजूचं काही न ऐकता. काकांनी माझ्या पट्ट्याची गाठ मुठीत आवळून धरली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. काकूंना वाटलं, गुडघा दुखतोय.

दोन दिवसांनी ते मला चांभाराकडे घेऊन गेले. त्याने सुई घालून पाहिली आणि हात वर केले. "हे चामडं माझ्या सुईला ऐकायचं नाही, काका. पायऱ्यांवरच्या ताईकडे न्या. तिचं मशीन काहीही शिवतं." काकांनी मला उचललं. खटल्यातल्या माणसाकडून पट्टा शिवून घेणं बरं नव्हे, हे त्यांना कळत होतं. पट्टा निमित्त होतं. दर वीस पायऱ्यांवर बसत, गुडघा चोळत, ते वर पोहोचले.

ताईने मला हातात घेतलं. "वा! हे खोगिराचं काम आहे. असं हल्ली कोण करतं?" मी सुखावले, नाही कशाला म्हणू? मग तिने मला उलटसुलट करून पाहिलं. "गंमत बघा, माझ्या दादाकडेही अश्शीच बॅग आहे. गेल्या महिन्यात आला होता, तेव्हा होती त्याच्या हातात. कोपऱ्यावर हाच कुत्र्याचा चावा."

"ताई," काका म्हणाले, "ती हीच बॅग."

ती हसली. तिला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. काकांनी विचारलं, "दादा काय म्हणाले होते?" तिने सगळं सांगितलं. घराची नोंद, सही, जायची गरज नाही. सांगताना तिच्या आवाजात भावाचं कौतुकच होतं.

"ते पाकीट फोडा," काका म्हणाले. "आत्ता. आणि वाचा."

तिने पहिलं पान वाचलं. दुसरं वाचता वाचता ती त्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडावर खाली बसली.

"त्याला मला इथून काढायचंय?"

"दावा तसाच आहे."

"आणि ही तारीख?"

"परवा झाली."

तिने पानं घडी करून पुन्हा पाकिटात घातली. मग विचारलं, "तुम्ही कोण?"

काकांनी सांगितलं. पायऱ्यांच्या तळाशी, सावलीत बसलेला बेलिफ मीच. हा कागद मी माझ्या हाताने द्यायला हवा होता. मी गुडघा सांभाळत बसलो.

तिने सुईत ओवलेला दोरा परत काढला. "बॅग घेऊन जा तुमची. आज माझ्याच्याने शिवून होणार नाही."

"मी कोर्टाला सांगतो, ताई. उद्याच सांगतो."

"तुमचं तरी कशावरून ऐकू? एकाचं ऐकलं, ते बघतेच आहे."

उतरताना काका एकदाही बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आधी नाझरांकडे गेले. हे नाझर नवे होते, काकांपेक्षा वयाने लहान. त्यांनी सगळं ऐकून दार लोटून घेतलं.

"काका, सही तिची आहे ना?"

"तिची आहे."

"मग संपलं! कोण विचारतंय? सात महिने राहिलेत. एकोणतीस वर्षं नाकासमोर चाललात, आता कशाला हा धोंडा पायावर पाडून घेताय? नोकरी जाऊ शकते तुमची."

"सही तिची आहे, साहेब. पण पावलं माझी नव्हती," काका म्हणाले आणि उठले.

त्यांनी घडलं ते सगळं कोर्टाला लिहून दिलं. पुन्हा माझ्याच झाकणावर. या वेळी एकही अक्षर टोचलं नाही. दोन दिवसांनी वादीला आणि त्याच्या वकिलांना बोलावणं गेलं. भरल्या दालनात मॅडमनी काकांना विचारलं, "हे खरं आहे?"

"हो, मॅडम. त्या अहवालातलं एक वाक्य खोटं आहे आणि ते मी लिहिलंय."

वकील उभे राहिले. सही खरी आहे, पाकीट पोहोचलं आहे, मग कुणी दिलं याला काय महत्त्व, असं बरंच काही म्हणाले. मॅडमनी चकचकीत बुटांकडे पाहून एवढंच विचारलं, "कागद देताना तुम्ही बहिणीला काय सांगितलंत?"

दादांनी वकिलांकडे पाहिलं. मऊ आवाज कुठे गेला कोण जाणे.

"वादीने स्वतःच्या हाताने दिलेलं समन्स हे कोर्ट बजावणी धरत नाही," मॅडम म्हणाल्या. "एकतर्फीचा हुकूम रद्द. बजावणी नव्याने होईल, दुसऱ्या बेलिफाकडून." मग त्यांनी काकांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा कडक होता, पण आवाज नव्हता. "काका, तुमच्या नोकरीच्या पुस्तकात ठपका लिहावा लागेल. मला तो लिहायला आवडणार नाही."

"लिहा, मॅडम. खरा आहे तो."

एकोणतीस वर्षांच्या कोऱ्या पुस्तकात एक ठपका. नोकरी वाचली, तरी घरी जाताना काकांचे डोळे भरून आले होते. आणि तरीही सांगते, त्या संध्याकाळी त्यांनी काकूंना दोनदा भाजी मागितली.

नवीन समन्स एका नव्या बेलिफ मुलीकडे गेलं. तिच्या चालण्यावरून सगळे तिला तुरतुरी म्हणत. तिच्याकडे धड बॅग नव्हती. काकांनी मला तिच्या पुढ्यात ठेवलं. "ही घे. गाठ मारलीय, पण बॅग चांगली आहे. चुकला तो मी." मला त्या क्षणी रडता आलं असतं, तर आतले सगळे कागद भिजले असते.

तुरतुरी एकशे बारा पायऱ्या एका दमात चढली. काका मागून येत होते. कुणी सांगितलं नव्हतं, स्वतःहून. ते शेवटच्या वळणावर भिंतीला टेकून उभे राहिले. दारात तुरतुरीने ती चार वाक्यं म्हटली, कमी नाही की जास्त नाही. "हा कोर्टाचा कागद आहे. तुमच्यावर दावा लागलाय. या तारखेला हजर राहा. आला नाहीत, तर तुमच्या माघारी निकाल होऊ शकतो."

ताईने उंबऱ्यात उभं राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचलं. मग सही केली, खाली वेळ घातली.

"हे पुन्हा का आणलंत?"

"आधीचं कोर्टाने धरलं नाही. काकांनी लिहून दिलं म्हणून."

ताईने वळणाकडे पाहिलं. काका धापा टाकत होते. "या आत," ती म्हणाली. "आणि ती बॅग द्या इकडे, पट्टा शिवून देते."

"आत्ता नको, ताई," काका म्हणाले. "तुम्ही प्रतिवादी आहात. दावा संपेपर्यंत कोर्टाच्या बॅगेला तुमच्या घरचा टाकासुद्धा चालणार नाही." ती पहिल्यांदा हसली, पण तिने आग्रह केला नाही. तिला ते पटलं असावं.

दावा दीड वर्ष चालला. तेवढ्या काळात काका निवृत्त झाले आणि मी तुरतुरीच्या खांद्यावर गाठीसकट हिंडत राहिले. ताईने एकही तारीख चुकवली नाही. आईच्या दुखण्याचे कागद, आईच्या हातचं पत्र, शेजाऱ्यांची साक्ष, सगळं तिने मांडलं आणि मॅडमनी सगळं ऐकलं. शेवटी घर दोघांचं ठरलं. वरची मोठी खोली, ती खिडकी आणि ते मशीन ताईकडे राहिलं, खालच्या खोल्या दादांकडे गेल्या. भाऊ-बहीण अजून मोजकंच बोलतात. ते जुळवून देणारा कागद मी कधी वाहिलेला नाही. असता, तर धावत नेला असता.

निकालानंतरच्या आठवड्यात ताई कोर्टात आली. "ती बॅग कुठाय? आता तर चालेल ना?" तिने काकांनाही घरून बोलावून घेतलं. ते आले, तिसऱ्यांदा एकशे बारा पायऱ्या चढून. तिने छपराचा मेण लावलेला दोरा ओवला, माझी दीड वर्षांची गाठ सोडवली आणि मशीन चालू केलं. सुई आरपार गेली तेव्हा मला दुखलं नाही. कुणीतरी पाठीवरून हात फिरवावा, तसं वाटलं.

"तुमचे आभार मानायचे राहिले होते, काका," पट्टा ओढून बघत ती म्हणाली.

"चूक मी केली, ताई, आणि आभार तुम्ही मानताय?"

"चूक काय, होते हो माणसाच्या हातून. ती सांगायला एवढ्या पायऱ्या चढून परत कोण येतं?"

 काकांनी मला उचललं, खांद्याला लावून पाहिलं आणि मग माझा पट्टा तुरतुरीच्या हातात दिला.

आता मी म्हातारी झालेय. बकलं काळवंडलीत, मधला कप्पा फाटलाय. पण काम सुरू आहे, आणि काकू, कारागीर, काका, ताई, तुरतुरी, या सगळ्यांच्या हातांचं देणं मी अंगावर वागवते. तुमच्या दारात कधी आले, तर तोंड फिरवू नका आणि आतून ओरडूही नका. फक्त दोन गोष्टी करा. कागद कुणी आणलाय ते बघा, आणि कितीही जवळच्या माणसाने नको म्हटलं तरी पाकीट फोडा. बाकीची चार वाक्यं तुरतुरी सांगेल.

माझा पट्टा त्या दिवसापासून उसवलेला नाही.